पेन्टेकॉस्ट: लाल कापड आणि केक यापलीकडे मंडळीनं काय करावं?

चिटणीस_उपासना

सलाम सगळ्यांना. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, रविवारचं नियोजन उपासना समितीकडे आलं आहे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दीडशेच्या आसपास माणसं, घरांमध्ये बोलल्या जाणाऱ्या भाषा तीन, आणि दोन कुटुंबांत खुणांची भाषा. उपासना मात्र एकाच भाषेत चालते. वेळ सव्वा तास, त्यातच प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी).

नाताळ आणि ईस्टरला जेवढा विचार होतो त्याच्या पावपटही या सणाच्या वाट्याला येत नाही. वेदीवर लाल कापड, पवित्र आत्म्यावर एक गीत, आणि शेवटी ‘मंडळीचा वाढदिवस’ म्हणून केक. या वेळी नीट करायचं आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

पहिलं, कृत्ये २ मध्ये (नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय) जे घडलं ते एकदाच घडून गेलं, की दर वर्षी तसं पुन्हा व्हावं अशी अपेक्षा धरायची? प्रवचनाचा रोख त्यावरच ठरेल. दुसरं, अनेक भाषांत वाचन करायचं तर ते नुसता कलकलाट न होता कसं करतात? तिसरं, काही जण अन्यभाषेत (आत्म्याच्या प्रेरणेनं, न शिकलेल्या भाषेत) प्रार्थनेसाठी वेळ मागताहेत आणि काहींना त्याची धास्ती वाटते. दोघांना एका उपासनेत कसं बसवायचं? आणि शेवटचं, सोमवारपासून पुढे काय?

पाठवाचक

आधी तारीख पक्की करा, कारण इथेच बरेच जण चुकतात. ईस्टरचा रविवार पहिला दिवस धरून पन्नासावा दिवस मोजायचा. ईस्टरच्या तारखेत सरळ पन्नास मिळवले तर सोमवार येतो. मिळवायचे एकोणपन्नास, म्हणजे नेमके सात आठवडे. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून पेन्टेकॉस्ट २४ मे. २०२७ मध्ये २८ मार्च आणि १६ मे. पाश्चात्य पंचांगात हा सण १० मेच्या आधी आणि १३ जूनच्या नंतर कधीच येत नाही. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचं ईस्टर वेगळ्या गणितानं येतं, त्यामुळे त्यांचा २०२६ चा पेन्टेकॉस्ट ३१ मे रोजी आहे. शेजारच्या मंडळीबरोबर एकत्र प्रार्थना ठेवणार असाल तर हे आधी विचारून घ्या.

चाळिसावा दिवस स्वर्गारोहणाचा गुरुवार. त्यानंतरच्या शुक्रवारपासून पेन्टेकॉस्टच्या आदल्या शनिवारपर्यंत बरोबर नऊ दिवस उरतात. कृत्ये १ मध्ये शिष्य, स्त्रिया आणि येशूची आई मरिया एकचित्तानं प्रार्थनेत टिकून होते तो हाच काळ. कॅथलिक परंपरेतल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं मूळही इथलंच. तुमच्याकडे रोज संध्याकाळी वीस मिनिटं कुणाच्या घरी किंवा फोनवर जमता आलं, तर रविवारची निम्मी तयारी तिथेच होते. नऊ दिवस जमत नसेल तर शेवटचे तीन घ्या. पण रविवारी सकाळी एकदम ‘आत्म्यानं भरून जाऊ या’ अशी हाक देऊ नका. कृत्ये २ च्या आधी कृत्ये १ आहे.

आता अर्थ. हा सण ख्रिस्ती लोकांनी नव्यानं काढलेला नाही. जुन्या करारात लेवीय २३ मध्ये सात शब्बाथ मोजून पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याचं अर्पण सांगितलं आहे: दोन दशांश एफा (धान्याचं जुनं माप) सपिठाच्या, खमीर घालून भाजलेल्या दोन भाकरी. त्याला लागूनच २२ वं वचन येतं: कापणी करताना शेताच्या कडा ठेवा, सरवा वेचू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी असू द्या. अनुवाद १६ मध्ये हाच सण कुणी कुणी मिळून साजरा करायचा त्याची यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, अनाथ, विधवा.

ती यादी डोळ्यांपुढे ठेवून कृत्ये २ मधलं शिष्य पेत्राचं भाषण वाचा. तो योएल संदेष्ट्याचा उतारा घेतो: मुलगे, मुली, तरुण, वृद्ध, दास, दासी. सणाच्या पंगतीत ज्यांना बसवायचं होतं, त्यांतल्याच बऱ्याच जणांना आता बोलायची मुभा मिळते. माझ्या मते प्रवचनाचा कणा हा असावा. वारा आणि अग्नी दोन-तीन वचनांत आटोपतात. कोण बोललं आणि कुणाला समजलं यावर लूक (कृत्यांचा लेखक) कितीतरी जास्त थांबतो.

एकदाच की पुन्हा पुन्हा, याचं उत्तर कृत्यांच्या पुस्तकातच आहे आणि ते कुठल्याही एका बाजूला पुरतं सोयीचं नाही. ४:३१ मध्ये तीच माणसं पुन्हा भरली जातात आणि जागा हादरते. अध्याय ८ मध्ये शोमरोनी लोकांचा बाप्तिस्मा आधी होतो आणि आत्मा नंतर, हात ठेवल्यावर मिळतो. अध्याय १० मध्ये कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी आणि बाप्तिस्मा मागाहून. अध्याय १९ मध्ये इफिसातल्या सुमारे बारा जणांना बाप्तिस्म्यानंतर, हात ठेवल्यावर. क्रम दर वेळी वेगळा, त्यामुळे ‘अमुक क्रमानंच होतं’ असं शिकवणाऱ्याला यांतल्या एका तरी अध्यायावरून घाईनं पुढे जावं लागतं. समान आहे ते इतकंच की बहुतेक वेळा एखादी कुंपणाबाहेरची माणसं आत येतात: शोमरोनी, मग परराष्ट्रीय, मग फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक असलेले.

आणि पेन्टेकॉस्टचं प्रवचन अध्याय २ वर थांबवू नका, ६ पर्यंत न्या. तिथे मंडळीतली पहिली जाहीर कुरकुर होते आणि ती भाषेवरून आणि अन्नावरून आहे: रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. उपाय काय केला? सात जण निवडले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच लोक वाटणीवर नेमले. त्यांची पात्रता काय सांगितली? प्रतिष्ठित, आणि आत्म्यानं व ज्ञानानं पूर्ण. भाकरी वाटायला आत्म्यानं भरलेला माणूस लागतो, ही गोष्ट पेन्टेकॉस्टच्या दिवशी फार कमी वेळा ऐकू येते.

वाचनांचं म्हणाल तर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात त्या त्रैवार्षिक पाठक्रमात कृत्ये २:१-२१ आणि स्तोत्र १०४ दर वर्षी असतात. कॅथलिक मिस्सात दिवसाचा उतारा ११ व्या वचनाशी संपतो, आणि आदल्या संध्याकाळच्या जागरणासाठी बाबेल (उत्पत्ती ११), सीनाय (निर्गम १९), वाळलेली हाडं (यहेज्केल ३७) आणि योएल असे जुन्या करारातले चार पर्याय आहेत. तुम्हाला मोकळीक असेल तर २१ पर्यंतच वाचा. ११ ला थांबलं की ‘हे आहे तरी काय?’ हा लोकांचा प्रश्न, ‘नवीन द्राक्षारसानं मस्त झाले आहेत’ हा टोमणा आणि ‘अजून सकाळचे नऊच वाजलेत’ हे पेत्राचं उत्तर, तिन्ही गळतात. शुभवर्तमान योहान २०:१९-२३ घेतलंत तर तिथे येशू पुनरुत्थानाच्याच संध्याकाळी शिष्यांवर श्वास फुंकतो आणि आत्मा देतो. लूक पन्नास दिवस थांबतो. या दोहोंचा मेळ प्रवचनात घालत बसू नका. वेळ जाईल आणि कुणाचं समाधान होणार नाही.

जाता जाता: सुरुवातीच्या शतकांत ‘पेन्टेकॉस्ट’ हे नाव सबंध पन्नास दिवसांनाही होतं. त्या दिवसांत गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करावी असं ३२५ च्या नायसिया परिषदेच्या विसाव्या नियमात आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही पेन्टेकॉस्टच्या सायंप्रार्थनेत गुडघे टेकून लांब प्रार्थना होतात. पन्नास दिवसांनी पहिल्यांदा गुडघे टेकायचे, म्हणून तो क्षण तिथे वेगळा जाणवतो.

माइकवाला

भाषांच्या वाचनाबद्दल. कलकलाट होतो त्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच: सहा माणसं, सहा माइक आणि सगळा आवाज एकाच स्पीकरमधून. आपला कान गर्दीतले आवाज दिशेवरून वेगळे करतो. सगळं एकाच दिशेनं आलं की तो हात टेकतो. म्हणून जिथे आवाज एकमेकांवर येणार आहेत तिथे माइक अजिबात नको. माइक फक्त निवेदकाला.

बसवायचं असं. निवेदक कृत्ये २ ची वचनं १ ते ४ उपासनेच्या नेहमीच्या भाषेत सावकाश वाचतो, जेमतेम पाऊण मिनिट. वाचक पुढे रांगेत उभे करू नका, मंडळीत विखरून बसवा. चौथं वचन संपलं की पहिला जागेवर उभा राहून आपल्या भाषेत एकच वाक्य म्हणतो, तीन-चार सेकंदांनी दुसरा, मग तिसरा. वाक्य लहान हवं. स्तोत्र १०४:२४ चा पहिला भाग किंवा ‘देवाची महत्कृत्यं’ हे कृत्ये २:११ मधलं वाक्य चालतं. भाषांतरांची लांबी सारखी नसते. एकाचं आधी संपतं आणि तो ओशाळून इकडेतिकडे बघत राहतो. म्हणून आधीच सांगून ठेवा, खूण होईपर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. वीस-पंचवीस सेकंद पुरेत. मग घंटेचा एक टोल, सगळे गप्प, आणि चार-पाच सेकंद शांतता. ती शांतता निवेदकाला घड्याळ धरून शिकवावी लागते, नाहीतर तो लगेच पुढचं वाचायला लागतो. पुढे वचन ५ ते २१ एकाच भाषेत.

पण इथेच सोडलंत तर तो नुसता नाद झाला. सहावं वचन म्हणतं, प्रत्येकानं आपापल्या भाषेत ऐकलं. तेव्हा नंतर मध्यस्थीच्या प्रार्थनेत प्रत्येक भाषेला एकटीला वेळ द्या: दोन वाक्यांची प्रार्थना, बाकी सगळे शांत, अर्थ छापील पत्रकावर. खुणांच्या भाषेत प्रार्थना करणाऱ्यालाही तशीच स्वतंत्र पाळी द्या. तोंडावर उजेड, पाठीमागे खिडकी नको, आणि त्या वेळी ऑर्गन पूर्ण बंद. पुष्कळ ठिकाणी बहिऱ्या माणसाच्या पाळीला मागे संगीत वाजत असतं. ते का, हे मला कळत नाही.

वाचक निवडताना ज्याच्या घरात ती भाषा बोलली जाते त्यालाच घ्या, शाळेत शिकलेल्याला नको. त्याला लिपी येत नसेल तर त्याला वाचता येईल त्या लिपीत उच्चार लिहून द्या. मजकूर त्या भाषेतल्या छापील पवित्र शास्त्रातून घ्या, यंत्रानं केलेलं भाषांतर वापरू नका. पडद्यावर दाखवणार असाल तर फाइल पीडीएफ करून न्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि ज्यांची भाषा आहे त्यांनाच ते आधी दिसतं.

सराव दोन वेळा, त्यातला एक प्रत्यक्ष उपासनेच्या जागेत. निवेदकाला ९ ते ११ ही वचनं घरून पाठ करून यायला सांगा. पार्थी, मेदी, एलामी इथपर्यंत ठीक जातं. कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या आणि कुरेने इथे अडखळणं ठरलेलं.

सजावटीबद्दल दोन शब्द. छताखाली लाल-केशरी कापडाच्या पट्ट्या छान हलतात, पण पंखा, मेणबत्ती आणि धूरसूचक यंत्र यांपासून लांब ठेवा. पंखे आणि उघड्या ज्योती दोन्ही एकत्र नकोत. पांढरी कबुतरं आणून सोडणं नकोच. पाळीव पक्ष्यांना बाहेर दाणा शोधता येत नाही आणि लपताही येत नाही. रोममध्ये पँथेऑनच्या घुमटाच्या भोकातून या दिवशी गुलाबाच्या लाल पाकळ्या खाली सोडतात, त्याची नक्कल करायचा मोह होतो. गुळगुळीत फरशीवर त्या पाकळ्यांवरून म्हातारी माणसं घसरतात. प्रभुभोजनाला ज्या वाटेनं लोक येणार त्या वाटेवर काहीही टाकू नका.

करिंथ_चौदा

तिसऱ्या प्रश्नाला मी पेन्टेकॉस्टल, म्हणजे अन्यभाषेसारख्या कृपादानांवर भर देणाऱ्या मंडळ्यांच्या, बाजूनं उत्तर देते.

ज्यांना वेळ हवा आणि ज्यांना धास्ती वाटते, दोघांसमोर १ करिंथ १४ (पौलाच्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय) उघडून ठेवा. २७ आणि २८ ही वचनं इतकी स्पष्ट आहेत की नवी नियमावली लागत नाही: अन्यभाषेत बोलणारे दोघे, फार तर तिघे, तेही पाळीपाळीनं, आणि एकानं अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं, स्वतःशी आणि देवाशी बोलावं. संदेश देणारे दोघे-तिघे, आणि इतरांनी त्याची पारख करावी, हे २९ वं वचन. धास्ती वाटणाऱ्यांना ३९ वं दाखवा: अन्यभाषेत बोलायला मना करू नका. उत्साही लोकांना २३ वं: बाहेरचा माणूस आत आला तर तुम्हाला वेडं म्हणणार नाही का? आणि १२:३० सगळ्यांनाच: सर्वच अन्यभाषा बोलतात काय?

कृत्ये २ आणि करिंथ एकच समजू नका. यरुशलेमेत ऐकणाऱ्यांना थेट कळलं, करिंथात अर्थ सांगणाऱ्याची गरज पडली. आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली दृश्य खूण अन्यभाषा असं असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या मंडळ्या शिकवतात. ख्रिस्ती जगातल्या कितीतरी मंडळ्या तसं शिकवत नाहीत. मिश्र मंडळीत हा वाद एका रविवारी सुटणार नाही आणि पुलपिटावरून तो सोडवायला जाऊही नये.

प्रत्यक्षात असं करता येतं. प्रवचनानंतर दहा मिनिटं. एक मिनिट पूर्ण शांतता, मग कमी आवाजात प्रत्येकाची आपापली प्रार्थना, ज्याला जशी येते तशी. हे सगळं स्वतःशी आणि देवाशी, म्हणजे १४:२८ च्या चौकटीत. मोठ्यानं अन्यभाषेत कुणी सुरू केलं तर चालवणारा अर्थासाठी थांबेल, अर्थ आला नाही तर नम्रपणे थांबवेल, हे आधीच जाहीर करा. आयत्या वेळी थांबवलं की माणूस दुखावतो. आधी सांगितलेलं असेल तर तो फक्त नियम असतो.

ज्यांना हात ठेवून प्रार्थना हवी त्यांच्यासाठी बाजूला दोन जागा, प्रत्येक जागी दोघे प्रार्थना करणारे, त्यात एक स्त्री असावीच. आधी विचारायचं, ‘हात ठेवला तर चालेल?’ खांद्यावर हलका हात, ढकलणं नाही, कपाळ मागे रेटणं नाही. कुणी खाली बसलं तर बसू द्यावं, पाडू नये. ‘माझ्यामागे म्हण’ असं करून अक्षरं वदवून घेणं तर साफ चूक. ती शिकवणी झाली, कृपादान नव्हे. लहान मुलं आईबापांबरोबरच. औषध थांबवा असं कुणीही कुणाला सांगायचं नाही. लग्न, पैसा, आजार किंवा मृत्यू यांबद्दल ‘मला संदेश मिळाला’ असं म्हणणाऱ्याला माइक द्यायचा नाही. त्यानं लिहून मंडळीच्या वडीलजनांकडे द्यावं, ते पारखतील. प्रार्थनेच्या वेळी मोबाइलवर चित्रण बंद, रडणाऱ्या माणसाचं तर नक्कीच. आणि या दहा मिनिटांना लागून अर्पणाची थैली फिरवू नका, मन भरून आलेल्या माणसाकडून पैसे घेतल्यासारखं दिसतं.

‘हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे’ असं कुणी म्हणालंच तर इतिहास थोडा सांगा. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरचं जागरण (आत्मिक जागृतीची लाट) १९०६ चं. त्याचा पुढारी विल्यम सेमूर, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांचा मुलगा. वर्णभेदाच्या त्या काळात तिथे काळे-गोरे एकत्र प्रार्थना करत. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधलं जागरण त्याच्या आधीचं, १९०५ चं, आणि त्यात पुढे होत्या त्या मुली आणि विधवा. वर पाठवाचकांनी अनुवाद १६ ची यादी दिली आहे, ती इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

संडेस्कूल_ताई

केकवर सगळे तुटून पडण्याआधी थोडं माझं ऐका! मुलांना सण लक्षात राहतो तो खाण्यावरून, त्यात गैर काही नाही. गैर आहे ती मेणबत्त्यांची संख्या. ‘मंडळी किती वर्षांची झाली?’ असं विचारलं की मुलं इमारतीचं वय सांगतात.

केकऐवजी दोन मोठे पाव घ्या, यीस्ट घातलेले, लेवीय २३ मधल्या दोन भाकरींची आठवण म्हणून. एक तिथेच वाटून खायचा, दुसरा जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे मुलांनी मोठ्यांबरोबर त्याच दिवशी पोचवायचा. दीडशे जणांत आजारी आणि घरी पडून असलेले दहा-बारा तरी निघतातच. यादी शनिवारी तयार ठेवा. फोन न करता जाऊ नका. आजारी माणसाच्या घरी सहा पोरं अचानक दारात म्हणजे त्रासच. हा पाव प्रभुभोजनाचा नाही हे मुलांना आणि मोठ्यांनाही स्पष्ट सांगा, नाहीतर घोटाळा होतो.

मुलांच्या डोक्यावर कागदी ज्वाळांचे मुकुट करायचे तर करा, पण मोठ्यांनाही घाला. ‘सर्वांवर’ असं वचन आहे. नुसत्या मुलांना घातले की त्याचं स्नेहसंमेलन होतं.

पाठवाचक

ताई, दोन पाव ही कल्पना पटली. वाढदिवसाला माझा विरोध एवढ्यासाठी की त्या दिवशी मंडळी स्वतःचंच कौतुक करून घेते. शिवाय मंडळीचा जन्म पेन्टेकॉस्टला झाला हे सगळीकडे तसंच धरत नाहीत. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या कुशीतून रक्त आणि पाणी निघालं (योहान १९:३४) तिथून ती जन्मली असं मांडणारी जुनी परंपरा आहे. केक कापताना हे कुणी ऐकणार नाही, ते सोडा.

खजिनदार_जुना

सोमवारचं मी सांगतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं.

कृत्ये २:४२ मध्ये चार गोष्टी आहेत: शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. बऱ्याच मंडळ्यांत पहिली आणि चौथी बऱ्यापैकी चालतात, तिसरी ठरल्या दिवशी होते, आणि सहभागिता म्हणजे उपासनेनंतरचा चहा. तेव्हा दुसरीवर काम करा, आणि सुरुवात बैठकीनं नको, यादीनं करा. प्रत्येक कुटुंबापुढे पाच रकाने: घरची भाषा, निरोप कसा पोचतो, कागद, फोन की कुणाच्या तोंडून, उपासनेला न येणारं घरात कोण आणि का, पैशाची किंवा अन्नाची अडचण, आणि या घरातलं माणूस मंडळीच्या कुठल्या कामावर आहे. शेवटचा रकाना भरला की पुष्कळ कळतं. एकाच भाषेच्या पाच घरांकडे किल्ल्या, हिशेब, पुलपिट आणि गाण्याचा गट असं सगळं निघतं, आणि कुणी ते मुद्दाम केलेलं नसतं.

मग कृत्ये ६ जसंच्या तसं. ज्यांच्यापर्यंत निरोप किंवा मदत पोचत नाही त्यांच्यातूनच निम्मी तरी माणसं मदतीच्या कामावर घ्या, आणि नुसती ‘सल्लागार’ म्हणून नको. मदत निधी त्यांच्या हातात द्या. बँकेत दोन सह्या, दर महिन्याला जमाखर्च फलकावर, घेणाऱ्याचं नाव मात्र फलकावर नाही. निवड मंडळीनं करावी आणि पाळकांनी प्रार्थना करून नेमावं. ६:३ आणि ६:६ मध्ये तसंच आहे. पाळकसाहेबांनी एकट्यानं नेमले की लोक त्यांना त्यांची माणसं समजतात आणि तक्रार पुन्हा तिथेच येते.

एक धोका. ‘सर्व काही समाईक होतं’ हे वचन वाचून भावनेच्या भरात त्याच दिवशी देणगीची वचनं घेतात. महिन्याभरात निम्मी मागे पडतात आणि माणसं तोंड चुकवायला लागतात. २:४५ मध्ये ‘ज्याला जशी गरज’ असं माप आहे, आणि ५:४ मध्ये पेत्र, जमीन विकून काही पैसे मागे ठेवणाऱ्या हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे देणं स्वखुशीचं. चिठ्ठ्या पेन्टेकॉस्टला वाटा, परत घ्या दोन आठवड्यांनी, बंद पाकिटात.

चिटणीस_उपासना

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आता अडचण अशी की हे सगळं सव्वा तासात मावत नाही. प्रभुभोजन धरून कसं बसवायचं? काही गाळायचं तर काय गाळू?

पाठवाचक

सूचना गाळा. त्या पत्रकावर जाऊ द्या. बाकी मावतं, हे बघा.

आरंभीची प्रार्थना आणि दोन गीतं मिळून आठ मिनिटं. स्तोत्र १०४:२४-३४ आळीपाळीनं, चार. कृत्ये २ भाषांसह नऊ. शुभवर्तमान तीन. प्रवचन अठरा, आणि इथे पाळकसाहेबांशी आधीच बोला, कारण या दिवशी प्रवचन पंचवीसवर जातं आणि कात्री प्रार्थनेला लागते. करिंथ_चौदा यांची दहा मिनिटं लगेच त्यानंतर. मध्यस्थीच्या प्रार्थना भाषावार, सहा. प्रभुभोजन चौदा. शेवटचं गीत आणि आशीर्वाद तीन. बेरीज पंचाहत्तर.

प्रभुभोजन दीडशे जणांना चौदा मिनिटांत द्यायचं तर दोन ठिकाणी वाटप लागेल, एका रांगेत होणार नाही. अर्पण येताना दाराशी पेटीत घ्या, म्हणजे थैलीचा प्रश्नच उरत नाही. प्रभूची प्रार्थना प्रभुभोजनाच्या आत धरली आहे. ती मात्र सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणावी. तिथे कलकलाट होत नाही, कारण ती कुणी ऐकत नसतं, सगळे म्हणत असतात, आणि लांबी जवळपास सारखी असते. शेवटचं ‘आमेन’ आपसूक एकत्र येतं.

ईस्टरची मोठी मेणबत्ती लावायची प्रथा तुमच्याकडे असेल तर ती या उपासनेनंतर वेदीजवळून काढून बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ ठेवतात. पुढचा रविवार पाश्चात्य मंडळ्यांत त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा), तेव्हा लाल कापड सोमवारीच उतरवून घ्या, त्रैक्याला पांढरं लागेल.

माइकवाला

भाषांच्या वाचनाला नऊ मिनिटं जास्त आहेत, सात पुरतील. उरलेली दोन प्रभुभोजनाला द्या. आणि घंटा वाजवणारा माणूस वाचकांपैकी नको, वेगळा ठेवा.